फ्रिजमागे बारीक लेंड्या, माळ्यावर खुडबूड, मोरीत उग्र वास: घरात नेमकं कोण शिरलंय?

सूरसागरकाठ

वडोदरा, दांडिया बाजार. जुनं घर आहे: तळमजला, वर एक मजला, त्यावर लाकडी तुळयांचा माळा आणि कौलं. आठ दिवसांत जे दिसलं ते क्रमाने लिहितो.

फ्रिजमागे सात काळ्या लेंड्या सापडल्या, जिऱ्याएवढ्या. देवघरातल्या वाटीत तुपात भिजवून ठेवलेल्या फुलवाती रोज एक-दोन कमी होतात. टोपलीतल्या एका बटाट्याची साल खरवडलेली होती. रात्री दीड-दोनच्या सुमारास माळ्यावर पावलांचा आवाज येतो. मोरीकडे मधूनच कस्तुरीसारखा, नाकात बसणारा वास येतो आणि चिकचिक ऐकू येते. जिवंत प्राणी अजून एकदाही दिसलेला नाही.

जमिनीवर गव्हाचं पीठ भुरभुरून पाहिलं. सकाळी पीठ विस्कटलेलं होतं, ठसे काही कळले नाहीत. वर्षाचा दोनशे किलो गहू दिवेल (एरंडेल) लावून कोठ्यांत भरलेला आहे. घरात आठ महिन्यांचं रांगतं बाळ आहे. दुकानदार म्हणतो औषधाची वडी टाका, दोन दिवसांत मोकळे व्हाल. वडी आणण्याआधी काय तपासावं, आणि हे सगळं एकाच उंदराचं काम आहे का?

कोठारघर

एकाचं नक्की नाही. तुम्ही लिहिलेल्या खुणा निदान दोन, बहुतेक तीन वेगळ्या प्राण्यांच्या आहेत. प्रत्येकाचा उपाय वेगळा असल्याने वडी तूर्त दुकानातच राहू द्या आणि पहिल्या दोन रात्री फक्त बघण्यात घालवा.

सुरुवात लेंड्यांपासून करा. पट्टी घेऊन लांबी मोजा, नुसत्या अंदाजावर जाऊ नका. ३ ते ६ मिलिमीटर, दोन्ही टोकं निमुळती, म्हणजे जवळजवळ जिऱ्याचा दाणाच: हा घरातला लहान उंदीर. १२ मिलिमीटरच्या आसपास, बोटाच्या पेराच्या निम्मी, मधे जाड आणि टोकाला बारीक, किंचित वाकलेली: हा माळ्यावरचा काळा उंदीर, जो तुळया, वायरी आणि पाइपांवरून चालतो. खजुराच्या बीएवढी जाड, बोथट टोकांची लेंडी दिसली तर घूस किंवा गटारातला मोठा उंदीर समजा. त्या बहुतेक खालीच, मोरी-गटाराच्या बाजूला मिळतात.

घोटाळा होतो तो दुसऱ्याच प्राण्यांच्या विष्ठेमुळे. पालीच्या लेंडीच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, तो दिसला की उंदीर बाद. मोठ्या झुरळाची विष्ठा बारीक उंदराच्या लेंडीसारखीच वाटते, पण ती आखूड असते, टोकं बोथट आणि अंगावर उभ्या रेघा असतात. भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं की त्या रेघा स्पष्ट दिसतात. वटवाघळाची लेंडी काडीने दाबली की भुगा होतो आणि त्यात किड्यांच्या पंखांचे चकाकते तुकडे असतात. माळ्यावर कौलांच्या फटीखाली एकाच जागी ढीग असेल तर ही शक्यता आधी तपासा.

ताजी की जुनी तेही बघा. ताजी लेंडी ओलसर चमकते आणि काडीने दाबली की दबते. दोन-चार दिवसांत ती कडक होते, मग करडी पडते आणि शेवटी भुरभुरते. मोरीजवळ किंवा पावसाळी हवेत मात्र जुनी लेंडीही ओल धरून मऊ लागते, तिथे या खुणेवर विसंबू नका.

खात्रीची पद्धत एकच: सगळं पुसून घ्या आणि दुसऱ्या सकाळी नव्याने मोजा. लहान उंदीर दिवसाला पन्नासच्या वर लेंड्या टाकतो, मोठा उंदीर चाळीसच्या आसपास. सात म्हणजे बहुधा जाता-येता टाकलेल्या. त्याच जागी रोज तीस-चाळीस पडू लागल्या तर खाण्याची किंवा घरट्याची जागा हातभर अंतरावर आहे असं धरा.

फ्रिजमागे का, हेही लक्षात घ्या. कॉम्प्रेसरची ऊब असते आणि मागच्या ट्रेमध्ये पाणी साचतं. पाठीमागची खालची पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची झडप काढून आत टॉर्च मारा, अर्थात प्लग काढून. कागदाचे किंवा कापसाचे बारीक तुकडे गोळा केलेले दिसले तर ते घरटं आहे.

समईवात

फुलवातींचं मनावर घ्याच. तुपाची किंवा तेलाची वात हे उंदराचं आवडतं खाणं, आणि तो ती जागच्या जागी खात नाही, आडोशाला नेतो. वात पेटती असेल तर तशीच ओढून नेतो. अशी वात कपाटाखाली किंवा पडद्याजवळ सुटून आग लागू शकते. रात्री निरांजन आणि समई पूर्ण विझवून वाती काढून घ्या आणि वातींची वाटी झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा.

वाती जातात याचा दुसरा उपयोगही आहे. खरकटं उचलून ओटा रोज पुसणाऱ्या घरात खाण्याचा मागमूस लागत नाही, पण वात कमी झाली की लगेच कळतं. देवघर, अंगाचा साबण, मेणबत्त्या आणि कणकेच्या परातीची कड, या चार जागा दर सकाळी पाहिल्या तर पहिल्या तीन-चार दिवसांतच सुगावा लागतो. अंगाच्या साबणावर दोन-दोन समांतर खरवडे हे फार नेमकं लक्षण आहे.

आणखी एक, सगळ्यात आधी: गॅसची नळी. शेगडीपासून सिलिंडरपर्यंत किंवा पाइपलाइनच्या कॉकपर्यंत ती बोटांनी चाचपत जा, भिंतीकडची बाजू विशेष. तारेचं अस्तर असलेली सुरक्षा नळी नसेल तर आजच बदला, आणि ती असली तरी दर पाच वर्षांनी बदलायची असते. दात लागलेल्या नळीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. काडी पेटवून तपासू नये.

दातखूण

दातांबद्दल थोडं, कारण बटाट्याचा उल्लेख आहे.

मोबाइलचा टॉर्च वस्तूच्या बाजूने, जमिनीला समांतर धरा. समोरून उजेड मारला तर खरवडे दिसत नाहीत, तिरक्या उजेडात सावली पडून उठून येतात. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे असतात, म्हणून दोन चरे जोडीने पडतात. जोडीची रुंदी एक-दोन मिलिमीटर असेल तर लहान उंदीर. साडेतीन-चारच्या घरात असेल तर मोठा. लाकडावर ताजी कुरतड फिकी, आतल्या लाकडाच्या रंगाची असते, आणि खाली भुसा पडलेला असतो. जुनी कुरतड काळवंडते. दाराच्या कोपऱ्यावर काळवंडलेल्या चऱ्यांवर फिके चरे दिसले तर वाट जुनीच आहे, वापर पुन्हा सुरू झाला आहे.

धान्यात किडा आणि उंदीर यांची गल्लत होते. पोरकिड्याने खाल्लेल्या गव्हाला बारीक गोल भोक असतं आणि दाणा आतून पोकळ, पाण्यावर तरंगतो. लहान उंदीर दाणा पुढच्या पायांत धरून कडेने खातो, खाली कोंडा आणि अर्धे दाणे राहतात. पाकिटाचंही तसंच: टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक म्हणजे किडा, कडा फाटलेलं भोक आणि बाहेर प्लास्टिकचे बारीक कपटे म्हणजे उंदीर. तो कपटे खात नाही, टाकून देतो, म्हणून पोत्याच्या खालच्या कोपऱ्याजवळ सुतळीचा चुरा शोधायचा.

लहान उंदीर एका बैठकीत पोटभर खात नाही. रात्रीत वीस-तीस ठिकाणी थोडंथोडं चाखतो आणि दिवसाचं त्याचं खाणं होतं जेमतेम तीन ग्रॅम. म्हणून त्याची नासधूस खाण्यापेक्षा कितीतरी मोठी दिसते. बटाट्यावर एकच खोल खड्डा असेल तर मोठा उंदीर, जागोजागी पुसट खरवडे असतील तर लहान.

दिवेल गव्हाला किड्यापासून राखतं, उंदरापासून नाही. कोठीचं झाकण घट्ट बसतंय का ते पाहा. कोठ्या जमिनीपासून वीतभर उंच विटांवर ठेवा आणि भिंतीपासून हात आत जाईल इतक्या पुढे घ्या, म्हणजे मागे झाडताही येतं आणि टॉर्चही मारता येतो. भिंतीला चिकटलेली कोठी म्हणजे त्यांच्यासाठी तयार बोळ.

पाऊलखूण

पीठ वापरू नका, ते खाणंच आहे. येऊन खाल्लं आणि खाताना विस्कटलं, म्हणून ठसे राहिले नाहीत. शिवाय पिठाने इतर उंदीर आणि झुरळंही येतात.

त्याऐवजी शंखजिऱ्याची पावडर किंवा साधी टाल्कम घ्या. भिंतीला लागून वीतभर रुंद, दोन वीत लांब पट्टा करा, चहाच्या गाळणीतून चाळून, एक मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड थरात पाय रुततात आणि बोटं मोजता येत नाहीत. जागा या: फ्रिजची मागची बाजू, ओट्याखाली भिंतीकडे, मोरीच्या दारात, माळ्याच्या जिन्याची वरची पायरी. बाळ रांगतं तिथे अजिबात नाही, आणि पंखा बंद ठेवा. सकाळी उजेड आत यायच्या आधी टॉर्च तिरका धरून बघा, मग ओल्या फडक्याने पुसून टाका.

बोटं मोजा. उंदीर, मोठा असो की छोटा, त्याच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात आणि मागच्याला पाच. चिचुंद्रीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पायांना पाच. पावलांमधून बारीक रेघ जात असेल तर ती शेपटीची. लहान उंदराचं मागचं पाऊल दोन सेंटिमीटरच्या आत राहतं, मोठ्याचं तीनच्या पुढे.

तुमच्या मोरीतला वास आणि चिकचिक चिचुंद्रीची वाटते. नाण्यांचा खुळखुळाट व्हावा तसा तिचा आवाज, लांब टोकदार तोंड, भिंतीच्या कडेने सरळ धावणं. ती उंदीर नव्हेच. तिला पटाशीचे दात नाहीत, लाकूड-वायर कुरतडत नाही, गहूही खात नाही. तिचा मुख्य आहार झुरळं आणि इतर किडे. ती मोरीत येते म्हणजे मोरीत झुरळं आहेत. तिच्यासाठी विष घालणं चुकीचं आहे. झुरळं कमी करा आणि मोरीच्या तोंडाला जाळी लावा, ती येणं थांबवते. चुकून पिंजऱ्यात सापडली तर पहाटेच बाहेर सोडा. तिला सारखं खावं लागतं, दिवसभर अडकली तर उपाशी मरते.

माळ्यावरच्या आवाजाची वेळही नोंदवा. उजाडल्यानंतर किंवा दुपारी धावपळ ऐकू आली तर ती खार असते, उंदीर रात्री फिरतो. तुम्ही दीड-दोन लिहिलंय, म्हणजे उंदीरच असणार.

सूरसागरकाठ

काल पट्टी आणि टाल्कम दोन्ही वापरलं. फ्रिजमागच्या लेंड्या ५ मिलिमीटर, पुसल्यानंतर एका रात्रीत अकरा नव्या. माळ्यावर तुळईवर १२-१३ मिलिमीटरच्या, दोन ताज्या आणि बाकी करड्या. मोरीच्या दारात दोन्ही पावलांना पाच-पाच बोटं. म्हणजे तिन्ही आहेत. तुळईच्या खालच्या अंगाला, जिथे ती भिंतीत शिरते तिथे, काळपट चकचकीत डाग आहे. तो कशाचा? आणि ओटल्याखाली, म्हणजे दाराबाहेरच्या बसायच्या कट्ट्याखाली, सकाळी मूठभर माती निघालेली दिसली.

गवंडीकाम

तो डाग अंगाच्या तेलाचा आणि मळाचा. काळा उंदीर तुळईवरून चालताना भिंतीच्या जागी खाली वाकून वळसा घालतो, दर वेळी पोट घासतं, आणि महिनोन्‌महिने तोच रस्ता वापरल्यावर कमानीसारखा काळा पट्टा तयार होतो. बोटाने पुसलं आणि डाग पसरला, तेलकट लागला तर रस्ता चालू आहे. कोरडा असून पापुद्र्यासारखा सुटला तर रस्ता बंद पडलाय. हातमोजा घालून बघा.

ओटल्याखालची माती घुशीची असू शकते. घूस बीळ करताना माती बाहेर लोटते, तोंड सहा ते दहा सेंटिमीटर रुंद असतं आणि बहुधा गटाराच्या जवळ. हे हलक्यात घेऊ नका, ती जोत्याखालची माती काढते आणि फरशी पोकळ होते. खोलीभर फरशीवर नाण्याने टकटक करत जा, ज्या फरशीचा आवाज बदलतो तिथे खाली पोकळी आहे.

बिळात बोळा कोंबून बघा, हे सगळ्यात स्वस्त निदान. वर्तमानपत्राचा कागद चुरगळून सैलसर बसवायचा, दाबून नाही. सकाळी तो बाहेर लोटलेला किंवा आत ओढलेला असेल तर बीळ वापरात आहे. तीन रात्री हललाच नाही तर जुनं. वापरात असलेलं बीळ आधी बुजवू नका. आतला प्राणी दुसरीकडून कोरून निघतो, नाहीतर आतच मरून पंधरा दिवस वास येत राहतो.

आता फटी. पेन्सिल ज्या भोकात जाते, म्हणजे साधारण ६ मिलिमीटर, तिथून लहान उंदीर शिरतो. मोठ्याच्या पिल्लाला अर्धा इंच पुरतो. जुन्या घरात नेमक्या या जागा तपासा: सिंकच्या सांडपाण्याचा पाइप भिंतीतून जातो तिथली गोल फट, एसीच्या तांब्याच्या नळीचं भोक, मीटरपेटीत उतरणाऱ्या वायरींची पट्टी, दाराच्या खालची फट, वॉशिंग मशीनच्या पाण्याची नळी मोरीत सोडलेली जागा, आणि कौल व भिंत यांमधली वळचण. मशीन तळाला उघडी असेल तर खालून आत जाऊन पट्टा आणि वायर कुरतडतात, तिथे जाळीचं झाकण लावा.

फोमची फवारणी करून फट बुजवली तर ती एका रात्रीत कुरतडली जाते. दिसायला भरलेली असते, म्हणून आणखी धोक्याची. भांडी घासायच्या स्टीलच्या तारेची घासणी उलगडून भोकात घट्ट ठासा, वरून एक भाग सिमेंट आणि तीन भाग वाळूचा गिलावा. साधी लोखंडी तार घेऊ नका, दमट भिंतीत गंजून चुरा होते. मोठ्या तोंडांना पाव इंची जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) जाळी, चारही बाजूंनी दोन इंच भिंतीत दाबून. मोरीच्या तोंडाला स्टीलची जाळी स्क्रूने बसवा, नुसती ठेवलेली जाळी घूस उचलते. दाराला खालून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, रबराची नको.

घुशीच्या बिळात काचेचे तुकडे भरायची पद्धत आपल्याकडे आहे. काच मातीत सरकते आणि पुढे खणणाऱ्या माणसाचा हात कापते. तळाशी जाळी अंथरून वर काँक्रीट, हे टिकतं.

पोळीतल्या (जुन्या शहरातल्या दाट वस्तीच्या गल्लीतल्या) आणि वाड्यांतल्या घरांच्या भिंती सामाईक असतात. एकट्याने बुजवून उपयोग कमी, शेजाऱ्याच्या माळ्याशी तुळया जोडलेल्या असतील तर त्या फटी दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात बंद करा.

विश्वामित्रीकाठ

पावसाचा संदर्भ द्यायला हवा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हाचा नियम आजही लागू आहे. काठावरची आणि गटारांतली बिळं भरली की घुशी आणि उंदीर उंचावरच्या कोरड्या घरांत येतात. म्हणून गटारं तुंबून वाहिली की पुढचे दोन-तीन आठवडे टाल्कमचा पट्टा आठवड्यातून दोनदा टाकावा, लक्षण दिसलेलं नसलं तरी.

लेप्टोस्पायरोसिस हा आजार उंदराच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात जातो, तिथून पायाच्या जखमेतून माणसात. दक्षिण गुजरातेत तो जुना आहे. ओल्या मोरीत किंवा साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू नका. उंदीर असलेल्या घरात कोणाला ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरला उंदरांबद्दल आणि पाण्यात उतरल्याबद्दल आपणहून सांगा. आजाराची लागण झाल्यापासून ताप यायला दोन दिवस ते महिना लागू शकतो, बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत येतो. त्यामुळे दुवा सहज सुटतो.

विष न घालता घरात किंवा गल्लीत एकामागून एक मेलेले उंदीर सापडले तर हात लावू नका, महापालिकेच्या आरोग्य खात्याला कळवा. सुरतेत १९९४ साली प्लेग झाला होता, हे आपल्या भागाने विसरता कामा नये.

औषधविचार

साफसफाई आणि विष या दोन गोष्टींत चूक महागात पडते, म्हणून सविस्तर लिहितो.

लेंड्या केरसुणीने झाडू नका, व्हॅक्यूमही नको. कोरडी धूळ नाकात जाते. खिडक्या अर्धा तास उघडा, हातमोजे आणि मास्क घाला. एक भाग घरगुती ब्लीच, नऊ भाग पाणी, हे द्रावण लेंड्यांवर शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, कागदाने उचला, पिशवीत बांधून टाका, मग फरशी पुन्हा त्याच द्रावणाने पुसा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. बाळ रांगतं ती जागा नंतर साध्या पाण्याने पुसून वाळवा.

दुकानदाराची वडी बहुतेक ब्रोमाडायोलोनची असते, ०.००५ टक्के. तिने रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर तीन ते सात दिवसांनी मरतो, म्हणून दोन दिवसांत मोकळे व्हाल हे खरं नाही. मरतो तो भिंतीत किंवा तुळईच्या खोबणीत. तो अर्धमेला उंदीर खाऊन मांजर आणि घुबडही मरतात. आणि उंदीर वडी उचलून नेतो, ती कुठे सोडतो ते तुम्हाला कळत नाही. रांगणाऱ्या बाळाच्या घरात एवढ्या कारणानेच ती नको. कोणी चुकून तोंडात घातलीच तर वेष्टण घेऊन लगेच रुग्णालयात जा. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे.

दोन वस्तू मात्र घरात आणूच नका. एक, ट्यूबमधली पेस्ट, जिच्यात पिवळा फॉस्फरस असतो. ती दंतमंजनासारखी दिसते, पोटात गेल्यावर एक-दोन दिवस माणूस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होतं. तिला उतारा नाही. दुसरी, धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. ओल लागली की फॉस्फीन वायू सुटतो, बंद खोलीत झोपलेलं कुटुंब त्याने दगावू शकतं. काळी पावडर, म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लात तोच वायू सोडते. ही शेतात, जाणत्या माणसाने वापरायची गोष्ट आहे.

चिकट पुठ्ठेही टाळा. उंदीर जिवंत अडकून तासन्‌तास लेंड्या आणि मूत टाकत राहतो, रोगाचा धोका वाढतो. पाली आणि चिचुंद्र्याही विनाकारण मरतात.

सूरसागरकाठ

वडी रद्द. गॅसची नळी बदलली. सापळे कुठे आणि कसे लावायचे तेवढं सांगा, स्वयंपाकघर आणि माळा दोन्हीकडे.

कोठारघर

दोघांचा स्वभाव उलटा आहे, म्हणून पद्धतही उलटी.

लहान उंदीर चौकस असतो, नवी वस्तू दिसली की पहिल्याच रात्री हुंगायला येतो. त्याचं फिरणं घरट्यापासून तीन ते दहा मीटर. त्यामुळे एक सापळा लावून आठवडाभर थांबण्यात अर्थ नाही, स्वयंपाकघरात पहिल्याच रात्री सहा लावा, दोन-दोन मीटरवर. स्प्रिंगचा सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून. भिंतीला समांतर ठेवला तर तो कडेने धावत निघून जातो. आमिष हरभऱ्याच्या दाण्याएवढंच: शेंगदाण्याचा कूट आणि गूळ कुटून. जास्त लावलं तर कडेने चाटून जातो, खटका पडत नाही. कूट दोऱ्याने पट्टीला बांधला तर त्याला ओढावं लागतं. तुमच्याकडे फुलवात हे सिद्ध झालेलं आमिष आहे, तीच बांधा. बाळ आहे म्हणून प्रत्येक सापळा बुटाच्या खोक्यात ठेवा, दोन्ही टोकांना भिंतीलगत तीन सेंटिमीटरचं भोक पाडा, झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि खोका फ्रिज आणि ओट्यामागेच ठेवा.

माळ्यावरचा काळा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. सापळा लावल्या रात्री पकडला गेला नाही तर सापळा बिनकामाचा असं समजून उचलू नका. मोठ्या उंदराचा सापळा तुळईवर त्या काळ्या डागाच्या जवळ तारेने बांधा, नाहीतर जखमी उंदीर सापळ्यासकट खाली पडतो. पहिले चार-पाच दिवस खटका न लावता नुसतं आमिष ठेवा. दोन रात्री लागोपाठ आमिष संपलं की तिसऱ्या रात्री सगळे सापळे एकदम खटका लावून ठेवा. सुटलेला उंदीर पुन्हा त्या सापळ्याला शिवत नाही, म्हणून अर्धवट लावलेला खटका सर्वांत वाईट.

घूस स्प्रिंगला दाद देत नाही, तिला लोखंडी पिंजरा, ओटल्यापाशी, बिळाच्या तोंडापासून हातभर अंतरावर. आत भाजलेल्या वांग्याचा किंवा नारळाचा तुकडा.

पाणीही तोडा. मोठ्या उंदराला रोज पंधरा ते तीस मिलिलिटर पाणी लागतं, म्हणून रात्री मोरी कोरडी केली, बादल्या पालथ्या घातल्या आणि फ्रिजचा ट्रे रिकामा केला की तो बेजार होतो. लहान उंदराला खाण्यातली ओल पुरते, कोरड्या कोठीघरातही तो राहतो. म्हणून नुसती मोरी कोरडी करून तो जाणार नाही.

वेळ घालवू नका, पण घाईतही काम करू नका. लहान उंदराची मादी १९ ते २१ दिवसांत विते, पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं सहा आठवड्यांत वयात येतात. आज अकरा लेंड्या आहेत, हाच कामाला लागायचा काळ. क्रम असा: आज ओले पुसणं आणि खोके, उद्यापासून माळ्यावर आमिष. मेलेला उंदीर उलट्या पिशवीने उचला, सापळा ब्लीचच्या द्रावणात बुडवून पुन्हा लावा. सापळे लागोपाठ सात रात्री रिकामे राहिले की गवंडीकाम यांनी सांगितल्याप्रमाणे फटी बुजवा. बुजवल्यानंतर टाल्कमचे पट्टे पंधरा दिवस एका रात्रीआड टाकत राहा. सोळाव्या सकाळीही पट्टे कोरे असतील तर खोके आवरा, पण फ्रिजमागचा एक राहू द्या.